‘पीटूपी बंद आहे’ म्हणजे नेमकं काय बंद आहे? ठाण्यातलं एक प्रकरण

पार्श्वभूमी

ठाण्यात पाचपाखाडीतल्या एका सात मजली इमारतीत राहणारे एक निवृत्त ग्रंथपाल १८९० ते १९१५ या काळात निघालेल्या आणि पुढे बंद पडलेल्या एका मराठी मासिकाचे अंक स्कॅन करतात. काम चौघांत वाटलेलं आहे. स्कॅनिंग ठाण्यात, पानांची सफाई नाशिकच्या एका प्राध्यापक बाईंकडे, सूची साताऱ्याच्या एका डॉक्टरांकडे आणि ओसीआर (चित्रातली अक्षरं मजकुरात बदलणं) व पीडीएफ सोलापूरच्या एका तरुणाकडे. मोबदला कोणालाच नाही.

पान साडेपाच बाय साडेआठ इंचाचं. ४०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ४०० ठिपके धरून, त्याचे २२०० बाय ३४०० ठिपके होतात, म्हणजे रंगीत टिफ फाइल साधारण २२ एमबीची. ६४ पानांचा अंक १.४ जीबीचा आणि २८० अंक मिळून ४०० जीबीच्या आसपास. क्लाउडच्या फुकट १५ जीबीत असे दहाच अंक मावतात. म्हणून मूळ टिफ फाइल सिंकथिंग या फाइल जुळवणाऱ्या प्रोग्रॅमने चौघांच्या संगणकांत थेट एकमेकांकडे जाव्यात आणि वाचकांसाठीचा १७ जीबीचा पीडीएफ संच टोरंटवर ठेवावा, म्हणजे घेणारेच एकमेकांना त्याचे तुकडे देतील, असं ठरलं होतं. मधल्या सर्व्हरशिवाय संगणक ते संगणक अशा या देवाणघेवाणीलाच पीटूपी म्हणतात.

कायद्याची बाजू त्यांनी आधीच तपासली होती, हे महत्त्वाचं. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं कॉपीराइट टिकतो. १९१५ साली विशीत असलेला लेखक १९७० नंतरही हयात असू शकतो, त्यामुळे ‘अंक शंभर वर्षांपूर्वीचा आहे’ एवढं पुरत नाही. अशा लेखकांचे ११ अंक त्यांनी टोरंटमधून वगळले. ‘पीटूपी म्हणजे चोरी’ हा आरोप पुढे फोनवर ऐकावा लागला, तेव्हा ही यादी हाताशी होती.

नेट १०० एमबीपीएसचं, अपलोडही तितकंच. महिन्याची मर्यादा ३३०० जीबी. कनेक्शन कागदावर एका कंपनीचं, पण तार ओढणं, डबा बसवणं आणि बिल वसूल करणं हे सगळं भागातल्या केबलवाल्याकडे. ठाण्यात हे नेहमीचंच आहे, आणि प्रश्न नेमका कोणाला विचारायचा हा घोळही त्यातूनच होतो.

अडचण

दोन तक्रारी एकाच आठवड्यात सुरू झाल्या आणि त्या वेगवेगळ्या वाटत होत्या.

पहिली संथपणाची. सिंकथिंगमध्ये तिन्ही सहकाऱ्यांच्या नावापुढे थेट जोडणीऐवजी ‘रिले’ दिसत होतं. म्हणजे फाइल दोन घरांमध्ये सरळ न जाता कुठल्यातरी स्वयंसेवकाच्या सर्व्हरवरून वळसा घालून जात होत्या. वेग सेकंदाला ३५० केबी. या वेगाने ४०० जीबी एका माणसाकडे जायला अखंड तेरा दिवस लागतात.

दुसरी तक्रार घरातली. रात्री टोरंट चालू केलं की तासाभरात ग्रंथपालांच्या पत्नीच्या, म्हणजे मामींच्या, फोनवरून दुधाचे पैसे जाईनासे व्हायचे. यूपीआयचं चक्र फिरत राहायचं, व्हॉट्सॲप कॉल लागायचा नाही, नवीन पान उघडायचं नाही. पण दिवाणखान्यातल्या टीव्हीवर आधीपासून चालू असलेला कार्यक्रम मात्र अडखळत नव्हता. वायफाय बंद करून मोबाइल डेटावर गेलं की पैसे लगेच जायचे.

नव्या जोडण्या अडतात आणि जुन्या चालू राहतात, ही या प्रकरणातली सगळ्यात बोलकी खूण होती. पाच आठवडे तिच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही.

ग्राहकसेवेला फोन केल्यावर उत्तर मिळालं, “सर, होम प्लॅनवर पीटूपी अलाउड नाही.” केबलवाल्याचा माणूस घरी येऊन म्हणाला, “काका, घरातून सर्व्हर चालवायचा तर बिझनेस प्लॅन घ्या.” त्या प्लॅनचं भाडं अडीचपट होतं.

पहिले पाच आठवडे

या काळात चार गोष्टी केल्या गेल्या. चारही चुकल्या, आणि त्यातल्या दोन अशा की भल्याभल्यांची फसगत व्हावी.

नवा रूटर आणला, २८०० रुपयांचा. तो कंपनीच्या फायबरच्या डब्यामागे जोडला. त्यात सिंकथिंगचं २२००० क्रमांकाचं पोर्ट (जोडणीसाठीचा क्रमांकाचा दरवाजा) फॉरवर्ड केलं, म्हणजे त्यावर बाहेरून येणारी जोडणी संगणकाकडे वळवली. फरक शून्य, कारण पुढचा डबाही रूटर म्हणूनच चालत होता. बाहेरून येणारी जोडणी नव्या रूटरपर्यंत पोहोचायच्या आधीच अडत होती.

मग मोबाइलच्या हॉटस्पॉटवर तपासलं. तिथेही रिलेच. निष्कर्ष निघाला की सगळ्याच कंपन्या पीटूपी अडवतात. खरं तर मोबाइल नेटवर्कवरही ग्राहकाला सहसा स्वतःचा सार्वजनिक आयपीव्ही४ पत्ता, म्हणजे इंटरनेटवरून थेट गाठता येईल असा जुन्या पद्धतीचा पत्ता, मिळत नाही, म्हणून दोन्हीकडे लक्षण सारखंच दिसलं. तुलना करायची तर जिथे सार्वजनिक पत्ता आहे अशा कनेक्शनशीच करायला हवी होती.

तिसरा प्रयोग फुकटच्या व्हीपीएनचा, म्हणजे सगळी वाहतूक झाकून दुसऱ्या सर्व्हरमार्गे नेणाऱ्या सेवेचा. तो चालू करताच घरातलं सगळं सुरळीत झालं. टोरंटही चालू आणि दुधाचे पैसेही गेले. ‘कंपनी पीटूपी ओळखून अडवते, झाकून नेलं की जाऊ देते’ याचा हा पक्का पुरावा वाटला. तो पुरावा नव्हता. का, ते पुढे येईल. महिन्याची १० जीबीची मर्यादा दोन दिवसांत संपली आणि व्हीपीएनही संपला.

चौथी चूक म्हणजे सगळा व्यवहार फोनवर. सात वेळा बोलणं झालं, एकदाही डॉकेट नंबर (तक्रारीचा नोंद क्रमांक) घेतला नाही.

तपास

ऐरोलीत राहणारा, नेटवर्कचं काम करणारा ग्रंथपालांचा भाचा यात पडला तो इथे. त्याने फोनवरच सुरुवात केली. “मामा, नवा रूटर राहू द्या. कंपनीच्या डब्याचं पान उघडा, स्टेटसमध्ये वॅन आयपी असेल, तो वाचून दाखवा.” वॅन आयपी म्हणजे कंपनीने डब्याला दिलेला पत्ता. मामांनी आकडे वाचले: शंभर, टिंब, बहात्तर… “बस, कळलं. पुढचे नका सांगू.”

१००.६४ ते १००.१२७ या आकड्यांनी सुरू होणारे पत्ते एप्रिल २०१२ पासून याच कामासाठी राखून ठेवलेले आहेत: कंपनी आणि ग्राहक यांच्या मधल्या सामाईक नॅटसाठी (एका पत्त्यामागे अनेक संगणक बसवण्याची सोय), ज्याला सीजीनॅट म्हणतात. आशिया-पॅसिफिकच्या नोंदणी संस्थेकडचे आयपीव्ही४ पत्ते एप्रिल २०११ मध्येच शेवटच्या राखीव गठ्ठ्यापर्यंत आले. तेव्हापासून उशिरा वाढलेल्या कंपन्यांना एका पत्त्यावर अनेक घरं बसवावी लागतात. पाचपाखाडीतल्या या घराला बाहेरून दिसेल असा स्वतःचा पत्ताच नव्हता. मग पोर्ट फॉरवर्ड करून उपयोग काय?

एवढ्याने पहिली तक्रार अर्धीच सुटते. सीजीनॅटमागे असूनही सिंकथिंग बऱ्याचदा दोन्ही बाजूंनी एकाच वेळी धक्का देऊन थेट जोडणी जमवतं. इथे का जमत नव्हती? उत्तर सिंकथिंगच्या लॉगमध्येच होतं: नॅटचा प्रकार ‘सिमेट्रिक’. साध्या भाषेत, घरातल्या एका पोर्टला बाहेर एकच क्रमांक मिळायला हवा, तो इथे मिळत नव्हता. जितक्या वेगळ्या ठिकाणी बोलाल तितके वेगळे क्रमांक. मग समोरच्याला आधी कळलेला क्रमांक त्याच्यासाठी निरुपयोगी ठरतो.

शनिवारी भाचा लॅपटॉप घेऊन घरी आला. त्याने एका महिन्यासाठी एक छोटा व्हीपीएस, म्हणजे इंटरनेटवरचा सर्व्हर, भाड्याने घेतला होता. घरातून त्याच्याकडे दोनशे जोडण्या केल्या आणि प्रत्येक जोडणी कुठल्या पोर्टवरून आलेली दिसते, ते व्हीपीएसवर लिहून घेतलं. सगळे क्रमांक ३१२६४ आणि ३२२७१ यांच्या आत. म्हणजे या घराच्या वाट्याला १००८ पोर्टं. हिशोब सरळ आहे: ६५,५३६ मधून पहिली १०२४ वगळली तर ६४,५१२ उरतात, त्यांचे १००८चे ६४ भाग होतात. एका पत्त्यावर चौसष्ट घरं.

आता दुधाच्या पैशांचं कोडं सुटतं. टोरंटचं डीएचटी, म्हणजे फाइल कोणाकडे आहे ते शोधणारी यंत्रणा, यूडीपीवरून (आधी जोडणी न करता डेटाची पाकिटं पाठवण्याची पद्धत) सतत नवनव्या संगणकांची चौकशी करत असतं. नॅट सिमेट्रिक असल्याने प्रत्येक चौकशीला बाहेर एक नवीन पोर्ट लागतं, आणि यूडीपीची नोंद बोलणं संपल्यावरही साधारण दोन मिनिटं अडून राहते. त्या घरात सेकंदाला सरासरी आठ नवे पत्ते मोजले गेले. आठ गुणिले १२० म्हणजे ९६०. कोटा जवळजवळ तिथेच भरला. घरातल्या रूटरवर डीएनएस (नावावरून पत्ता सांगणारा सर्व्हर) म्हणून बाहेरचा ८.८.८.८ टाकलेला होता. नाव विचारायलाही यूडीपीचं पोर्ट हवं, ते शिल्लक नाही, म्हणून बँकेचा पत्ताच सापडत नाही. टीव्हीची जोडणी आधीच झालेली, ती चालू राहते. आणि व्हीपीएन? त्यात सगळी वाहतूक एकाच नळीतून जाते, बाहेर एकच पोर्ट लागतं. कंपनीला पीटूपी दिसत नाही म्हणून व्हीपीएनने काम केलं, असं नव्हतंच.

खात्रीसाठी दोन उलटसुलट प्रयोग केले. सगळी टोरंटं थांबवून फक्त डीएचटी चालू ठेवलं, एक बाइटही फाइल जात नव्हती, तरी चाळीस मिनिटांत पानं अडली. मग डीएचटी आणि टोरंटची यूडीपीवरून चालणारी यूटीपी जोडणी बंद करून ६० एमबीपीएसने टोरंट अपलोड केलं. दोन तास घरात कोणाला पत्ताही लागला नाही.

मुद्दाम अडवणूक झाली असती तर चित्र वेगळं दिसलं असतं. २००७ मध्ये अमेरिकेत कॉमकास्ट कंपनी बिटटोरंटच्या जोडण्या तोडते हे उघड झालं, तेव्हा दोन्ही बाजूंच्या नावाने जोडणी तोडायला सांगणारी खोटी ‘रीसेट’ पाकिटं मध्येच घुसवली जात होती. तसं काही होत असेल तर वायरशार्क या पाकिटं नोंदवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये ती पाकिटं दिसतात. इथे वीस मिनिटांच्या नोंदीत असं एकही संशयास्पद पाकीट नव्हतं. पाकिटं बाहेर जात होती आणि उत्तर येत नव्हतं, इतकंच.

पर्याय

स्टॅटिक आयपी, म्हणजे न बदलणारा सार्वजनिक पत्ता, वर्षाला २४०० रुपये, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २८३२. सगळे प्रश्न एका फटक्यात सुटले असते. पण चौघांच्या खिशातून चालणाऱ्या कामाला हा कायमचा खर्च होता.

व्हीपीएस मध्ये ठेवून त्यावरून बोगदा काढणं. मासिक भाडं, वर डेटाची मर्यादा, आणि सर्व्हरची देखभाल भाच्याच्या गळ्यात. तो नसेल त्या दिवशी सगळं ठप्प.

आयपीव्ही६, म्हणजे नव्या पद्धतीचे भरपूर पत्ते, फुकट आहे, त्याला नॅट लागत नाही. पण दोन्ही टोकांना हवं. साताऱ्यात होतं, सोलापुरात नव्हतं.

चौथा पर्याय सगळ्यात उशिरा सुचला आणि तोच मुख्य ठरला. थेट जोडणीसाठी दोघांपैकी एकच जण बाहेरून पोहोचण्याजोगा असला तरी पुरतं. चौघांनी आपापल्या डब्यावरचा वॅन आयपी पाहिला, तेव्हा नाशिकच्या बाईंकडे खरा सार्वजनिक पत्ता निघाला. तो बदलता होता, पण सिंकथिंग नवा पत्ता स्वतः शोधून काढतं.

आणि पाचवा, हार्ड डिस्क पोहोचवणं. नेटच्या माणसांना हा पर्याय कमीपणाचा वाटतो. ४०० जीबी एकदाच न्यायचे आहेत आणि नंतर महिन्याला बारा अंक, म्हणजे १७ जीबीच वाढणार आहेत, अशा वेळी डिस्कसारखं काही नाही.

काय केलं

आधी पत्र. ईमेलमध्ये तीनच प्रश्न: कुठला प्रोटोकॉल (संगणकांनी आपसात बोलण्याची ठरलेली पद्धत) अडवता का, आयपीव्ही६ चालू करून द्याल का, आणि स्वतःच्या व तीन सहकाऱ्यांच्या संगणकांत फाइल जुळवणं किंवा त्या लोकांसाठी खुल्या ठेवणं करारात बसतं का. डॉकेट नंबर मागून घेतला. तक्रारीच्या उत्तराने समाधान झालं नाही तर ३० दिवसांत कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जाता येतं आणि त्यांनी ३९ दिवसांत निकाल द्यायचा असतो. वैयक्तिक तक्रार ट्राय (दूरसंचार नियामक) स्वतः सोडवत नाही, त्यामुळे थेट तिकडे लिहून महिना घालवू नये.

पत्रात नेट न्यूट्रॅलिटीचा (नेटवरच्या सगळ्या वाहतुकीला सारखी वागणूक) आधार जपून घेतला. ट्रायच्या नोव्हेंबर २०१७ च्या शिफारशी दूरसंचार विभागाने जुलै २०१८ मध्ये मान्य केल्या, त्यात प्रोटोकॉल पाहून भेदभाव करायलाही मनाई आहे. वाजवी वाहतूक नियमनाला मात्र मुभा आहे. सीजीनॅट आणि पोर्टांचा कोटा सगळ्या घरांना सारखाच लागतो, म्हणून त्याला भेदभाव म्हणणं टिकलं नसतं. नॅटच्या प्रकाराचा मुद्दा मात्र रास्त होता. एका आतल्या पोर्टला बाहेर एकच क्रमांक द्यावा, हे आरएफसी ४७८७ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात २००७ पासून लिहिलेलं आहे आणि २०१३ च्या आरएफसी ६८८८ ने सीजीनॅटलाही ते लागू केलं. पत्रात याचा उल्लेख केला.

उत्तर सहा दिवसांत आलं. कुठलाही प्रोटोकॉल अडवलेला नाही. आयपीव्ही६ मिळेल. स्वतःच्या आणि सहकाऱ्यांच्या उपकरणांत फाइल जुळवणं हा वैयक्तिक वापर आहे, पण नेट पुन्हा विकणं आणि सार्वजनिक सेवा देणारा सर्व्हर चालवणं होम प्लॅनवर चालत नाही. टोरंटवरून लोकांना फाइल देणं ‘सार्वजनिक सेवा’ होतं का, यावर आणि नॅटच्या प्रकारावर एक शब्द नाही.

इथे खरा निर्णय होता. मौन म्हणजे संमती धरून टोरंट चालू ठेवता आलं असतं. त्यांनी ते ठाण्यातून काढलं. कनेक्शन मामींच्या नावावर होतं आणि कलमाचा अर्थ लावण्याची जोखीम त्यांच्यावर टाकणं बरोबर नव्हतं. नाशिकच्या कंपनीच्या अटी बाईंनी ओळ न ओळ वाचल्या, त्यात फक्त नेट पुन्हा विकण्याला मनाई होती. सार्वजनिक पत्ताही तिथेच. टोरंट नाशिकला गेलं. हा निर्णय योग्य होता असं आमचं मत आहे.

पुढची कामं भराभर झाली. केबलवाल्याच्या माणसाने डब्यातली पीपीपीओई (कंपनीशी जोडणी करण्याची) सेटिंग ‘आयपीव्ही४’वरून आयपीव्ही४ आणि आयपीव्ही६ अशी दुहेरी केली. कंपनी घराला /६४ इतकाच, म्हणजे एकाच नेटवर्कपुरता, आयपीव्ही६ तुकडा देते, तो मागच्या रूटरला पुढे वाटता येत नाही. म्हणून नवा रूटर ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये (फक्त वायफाय देण्यापुरता) टाकला, त्याने एक अनावश्यक नॅटही गेलं. डब्याच्या आयपीव्ही६ फायरवॉलमध्ये (बाहेरून येणाऱ्या जोडण्या अडवणारी सोय) फक्त स्कॅनिंगच्या संगणकासाठी २२००० पोर्ट उघडलं, टीसीपी आणि यूडीपी दोन्ही. पूर्ण फायरवॉल बंद करण्याचा सोपा सल्ला दिला जातो, तो ऐकू नये. घरातलं प्रत्येक उपकरण उघड्यावर येतं.

नाशिकच्या रूटरवर २२००० पोर्ट फॉरवर्ड केलं. तिथल्या क्यूबिटटोरंट या टोरंटच्या प्रोग्रॅममध्ये एकूण जोडण्या मुळातल्या ५०० वरून २०० वर आणल्या, अपलोडला बाईंच्या लाइनच्या साठ टक्क्यांची मर्यादा घातली.

डिस्क भाच्याने साताऱ्याला जाताना नेली. कॉपी करताना फाइलींच्या वेळा जशाच्या तशा ठेवल्या, आणि आधी डिस्कवरून फोल्डर भरून मगच ते सिंकथिंगमध्ये जोडलं. मजकूर तोच आहे हे ते हॅशवरून (मजकुरातून काढलेला आकड्यांचा ठसा) ओळखतं आणि पुन्हा पाठवत नाही. सोलापूरची डिस्क कुरिअरने गेली.

परिणाम

ठाणे–नाशिक आणि ठाणे–सातारा जोडणी थेट झाली, वेग सेकंदाला ९ एमबीपर्यंत. नवा अंक तीन मिनिटांच्या आत पोहोचतो. सोलापूर नाशिकमार्गे जुळतं. मामींचे दुधाचे पैसे जातात. स्टॅटिक आयपी घेतला नाही, बिझनेस प्लॅनही नाही.

वेगळं काय करता आलं असतं

वॅन आयपी आणि बाहेरून दिसणारा आयपी जुळवून पाहणं हे पाच मिनिटांचं काम पहिल्या दिवशी झालं असतं तर रूटरचे २८०० रुपये वाचले असते. डीएचटी बंद करून पाहणं दुसऱ्या दिवशी. ‘काय चालत नाही’ याच्या सोबत ‘काय चालू राहतं’ हेही लिहून ठेवलं असतं, तर टीव्हीची खूण तेव्हाच दिसली असती. फुकटचा व्हीपीएन तर वापरायलाच नको होता. चौघांचं काम ज्या संगणकावर आहे, त्याची सगळी वाहतूक अनोळखी हातात दिली गेली.

फोनवरच्या माणसावर राग धरण्यात अर्थ नाही. त्याच्यासमोर ‘होम प्लॅन, सर्व्हर नाही’ एवढीच ओळ असते. लेखी प्रश्न तांत्रिक विभागाकडे जातो, म्हणून त्याचं उत्तर वेगळं येतं.

एक गोष्ट अजून अर्धवट आहे. नाशिकमध्ये वीज गेली की सोलापूर तुटतं आणि टोरंटही थांबतं. बाईंनी रूटर आणि डब्यासाठी बारा व्होल्टचा छोटा यूपीएस घेतला, पण संगणक त्यावर चालत नाही. साताऱ्याच्या डॉक्टरांनी सार्वजनिक आयपीव्ही४ साठी आपल्या कंपनीला लिहिलं आहे, त्याच तीन प्रश्नांसह. डॉकेट नंबर त्यांनी डिस्कच्या खोक्यावर लिहून ठेवला आहे.